आषाढाचा डबा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणं आटोपली होती. मी भांडी पालथी घालत होते. मुलगा ओट्यापाशी येऊन उभा राहिला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "मम्मी, हे बघ. बँकेने परत पैसे कापले."

मुलगा एसी आणि फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. कुठल्या कंपनीत नोकरीला नाही. फोन आला की पिशवी उचलायची आणि निघायचं. मार्च ते मे त्याला धड जेवायला सवड नसते. पाऊस लागला की फोन मुका होतो. एप्रिलमध्ये हातात पैसा खेळत होता, तेव्हा त्याने म्युच्युअल फंडात दरमहा ३,००० रुपयांची एसआयपी सुरू केली. लहान वयात सुरुवात केली तर पुढे मोठी रक्कम होते, असं मित्रांनी सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. पण जुलैत खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. ऑगस्टचाही गेला. दोन्ही वेळा बँकेने दंड कापून घेतला. वैतागून तो म्हणाला, "बचत आपल्यासारख्यांसाठी नसतेच. ती पगारवाल्यांची कामं."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. कारण तीस वर्षांपूर्वी अगदी हेच शब्द माझ्या तोंडून निघाले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती घरांत महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार येतो? कुणी रिक्षा चालवतो, कुणी गवंडीकाम करतो, कुणी बँडमध्ये वाजवतो, कुणी घरी बसून साडीला फॉल लावते. पैसा येतो, पण तो सांगून येत नाही. अशा घरात शिल्लक कशी टाकायची, हे मला कुणी शिकवलं नाही. मी चुकत चुकत शिकले. त्यातली एक चूक तर अशी होती की तिचा भार मी चार वर्षं वाहिला. तेच आज लिहिते आहे.

माझं लग्न १९९३ साली झालं आणि मी नाशिकरोडला आले. मिस्टर पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरं लिहिणारे. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची नावं, शाळेचे फलक, मंडळांचे कापडी बॅनर, लग्नघरच्या दारावरची नावं, सगळं हाताने. अक्षर असं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. एप्रिलमध्ये जयंतीची कामं, मेमध्ये लग्नसराई, जूनमध्ये शाळा, दसरा-दिवाळीला दुकानं. त्या दिवसांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कंदील लावून बसायचे. आणि पाऊस लागला की सगळं ठप्प. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, आणि पावसात पाटी करून घ्यायला कोण येतो?

लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात माझ्या कानातली फुलं गहाण गेली. हजार रुपये मिळाले, शेकडा ३ रुपये महिन्याने. दसऱ्याला सोडवली तेव्हा चार महिन्यांचे १२० रुपये व्याज गेलं. पुढच्या आषाढात तीच फुलं परत गहाण. म्हणजे स्वतःच्याच कानातल्यांचं भाडं मी दर वर्षी भरत होते. वर्षाला शेकडा ३६ रुपये व्याज होतं ते, पण तेव्हा मला हा हिशेब सुचला नव्हता. मे महिन्यात आम्ही मटण आणत होतो, पाहुण्यांना साड्या घेत होतो. जुलैत वाण्याची उधारी. वाईट महिन्यांत आम्ही गरीब होतो हे खरं, पण चांगल्या महिन्यांत आम्ही श्रीमंत असल्यासारखं वागत होतो, हेही तितकंच खरं.

माझा भाऊ सातपूरला कारखान्यात होता. तो म्हणाला, "अक्का, पोस्टात आरडी काढ. मी काढलीय." मी १९९५ च्या एप्रिलमध्ये, हातात पैसा होता म्हणून, २०० रुपये महिन्याची आरडी काढली. एप्रिल, मे, जून भरले. जुलैपासून लागोपाठ पाच हप्ते चुकले. ऑक्टोबरला पैसा आला, पण तो फुलं सोडवण्यात आणि वाण्याला देण्यात गेला. खातं बंद पडलं. त्या दिवशी मी घरी येऊन म्हणाले, "शिल्लक टाकणं पगारवाल्यांचं काम, आपलं नव्हे."

यात पोस्टाचा दोष नव्हता, आरडी वाईट होती असंही नाही. पाच वर्षं, साठ सारखे हप्ते, अशी तिची रीतच आहे. माझ्या भावाला १० तारखेला पगार व्हायचा, त्याच्यासाठी ती सोन्यासारखी होती. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड लागतो. आजच्या नियमाने लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, आणि दोन महिन्यांच्या आत थकबाकी भरली तरच ते पुन्हा सुरू होतं. म्हणजे सारखा हप्ता हा सारख्या मिळकतीला शोभतो. आमची मिळकत सारखी नव्हती आणि मी हप्ता ठरवला होता वर्षातला सगळ्यात चांगला महिना बघून. चूक इथे होती.

वाट दाखवली ती माझ्या सासूबाईंनी. त्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. माझं रडगाणं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, आम्हाला कुठं महिन्याला पगार होता? गावाला खळ्यावर एकदा बाजरी मिळायची. ती कणगीत भरायची आणि रोज मापानं काढायची. सुगीत पोटभर खाल्लं असतं तर पोरं जगली असती का?"

मी विचार करत राहिले. पेंटरचं घर म्हणजे सुगीचंच घर. दोन सुग्या, एक एप्रिल-मेची, एक दसरा-दिवाळीची. कणगी तेवढी नव्हती.

१९९६ साली मी शंभर पानी वही घेतली आणि रोज आलेला पैसा लिहायला लागले. रंग-ब्रशचा खर्च वजा जाऊन हातात राहिलेला. वर्ष संपलं तेव्हा वहीत असे आकडे होते: जानेवारी २,४००, फेब्रुवारी २,१००, मार्च २,९००, एप्रिल ५,८००, मे ४,६००, जून २,७००, जुलै ९००, ऑगस्ट ७००, सप्टेंबर १,८००, ऑक्टोबर ५,२००, नोव्हेंबर २,३०० आणि डिसेंबर १,६००. बेरीज ३३,०००. बाराने भागलं तर महिन्याला २,७५०.

मी आणि मिस्टर त्या आकड्याकडे बघतच राहिलो. घरभाडं, किराणा, रॉकेल, बाईंची औषधं धरून आमचं घर २,२०० रुपयांत चालत होतं. म्हणजे महिन्याला ५५० आणि वर्षाला ६,६०० रुपये खरं तर उरायला हवे होते. आणि आम्ही व्याज भरत होतो! वर्षात पाच महिने २,२०० च्या खाली होते. त्या पाचांची तूट मिळून ३,९०० होती. त्यातली ३,२०० नुसत्या जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरची. म्हणजे जूनच्या शेवटाला ३,२०० रुपये बाजूला असले, तर माझी फुलं कानातच राहणार होती.

त्या दिवसापासून मी मिस्टरांना पगार द्यायला लागले. हसू नका. आलेला सगळा पैसा पोस्टाच्या बचत खात्यात. १ तारखेला त्यातून २,२०० काढायचे आणि घर चालवायचं. एप्रिलात ५,८०० आले तरी २,२०० च, आणि ऑगस्टात ७०० आले तरी २,२०० च. पासबुक आणि वाटखर्चाचे सुट्टे पैसे मी पत्र्याच्या एका डब्यात ठेवत असे. १९९७ च्या पावसाळ्यात, हाताला काम नव्हतं म्हणून, मिस्टरांनी त्या डब्यावर लाल रंगात झोकदार अक्षरांत लिहिलं, "आषाढ". त्या वर्षी फुलं गहाण गेली नाहीत. मी आणि बाई दोघी त्या रात्री कितीतरी वेळ बोलत बसलो होतो.

पावसाळ्यात काम नसल्यामुळे संध्याकाळी आम्ही बायका वर्षावासात विहारात जायचो. एकदा भंतेजींनी सिगालोवाद सुत्त समजावून सांगितलं. दीघनिकायातलं हे सुत्त गृहस्थांसाठी आहे. त्यात भगवंतांनी सिगालाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहेत. एक वाटा स्वतःसाठी खर्चायचा, दोन वाटे कामधंद्यात घालायचे आणि चौथा वाटा अडचणीच्या काळासाठी राखायचा. घरी येऊन मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धा पैसा धंद्यात घातला तर खायचं काय? सिगालाचा बाप श्रीमंत असणार." आम्ही दोघेही हसलो. पण ते वाटे माझ्या मनातून गेले नाहीत. प्रमाण आपल्याला झेपणारं नसेल, पण अडचणीचा वाटा वेगळा आणि धंद्याचा वाटा वेगळा, ही गोष्ट मी धरून ठेवली. आजवर धरली आहे.

आता माझ्या चुकीची गोष्ट.

१९९९ साली महाराष्ट्रात लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुका एकाच वेळी झाल्या. भिंती रंगवून रंगवून मिस्टरांच्या हाताला घट्टे पडले. दीड महिन्यात १४,००० रुपये आले. एवढी रक्कम आम्ही एकत्र कधी पाहिली नव्हती. त्याच सुमारास गल्लीत एका पतसंस्थेची बाई रोज पिग्मी गोळा करायला यायची. दहा रुपये, वीस रुपये, असतील तेवढे. आमच्यासारख्यांना ही रीत किती सोयीची! आणि मुदत ठेवीला व्याज बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त. मी पैसे ठेवले. पहिली दोन वर्षं व्याज वेळेवर मिळालं. मग मी माझ्या नणंदेला म्हणाले, "घरात ठेवून काय करतेस? इथे ठेव." तिने मुलीच्या लग्नासाठी साठवलेले १२,००० रुपये माझ्या शब्दावर तिथे ठेवले.

२००७ साली एका सकाळी त्या पतसंस्थेचं शटर उघडलंच नाही. बाहेर दोनशे माणसं. पिग्मी गोळा करणारी बाई कोपऱ्यात रडत होती, तिचे स्वतःचेही पैसे आत होते. माझे २६,००० अडकले. पुढे चार-पाच वर्षांत थोडे थोडे करून ७,००० हाती आले. बाकीचे गेले.

पैशाचं दुःख होतं, पण त्याहून मोठं दुसरंच होतं. नणंद दारात आली आणि इतकंच म्हणाली, "वहिनी, तू बोललीस म्हणून ठेवले मी." आणि गेली. दोन वर्षं ती आमच्या घरी जेवली नाही.

मिस्टर म्हणाले, "आपलेही गेलेत. तू काय मुद्दाम केलंस?" पण माझ्या मनाला ते पटेना. माझ्या शब्दाची किंमत १२,००० होती. मी वहीत नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, "ताईंचे". सुगीच्या महिन्यात हजार-पंधराशे, इतर महिन्यांत शंभर-दोनशे, फॉल-पिकोच्या माझ्या कमाईतून. पहिल्यांदा ती घेईना. मी भाच्याच्या हाती पाठवत राहिले. २०११ च्या दिवाळीत शेवटचे ८०० रुपये घेऊन मी स्वतः गेले. तिने पैसे मोजले नाहीत. कपाटातून पतसंस्थेची पावती काढून माझ्या हातात दिली. "आता ही तुझी," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली. आम्ही दोघी एका ताटात जेवलो.

त्यातून जे शिकले ते सरळ सांगते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचं संरक्षण असतं. ते प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी आणि व्याज मिळून १९९३ पासून एक लाखापर्यंत होतं, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झालं. नोंदणीकृत सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला ते लागू नाही. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था नक्कीच आहेत, पण तिथे ठेवायचं तर गेले तरी घर उभं राहील एवढंच ठेवावं. जास्त व्याज म्हणजे कुणीतरी प्रेमाने दिलेली भेट नव्हे, ती जोखमीची किंमत असते. आणि ज्या ठिकाणची पूर्ण माहिती आपल्याला नाही, तिथे दुसऱ्याला पैसे ठेवायला कधीच सांगू नये.

आम्ही तेव्हा तरलो ते सगळा पैसा एका ठिकाणी नव्हता म्हणून. मिस्टर एका शाळेत फलक लिहायला गेले असता तिथल्या बाईंनी त्यांना पीपीएफची माहिती दिली होती. २००४ च्या एप्रिलमध्ये मी पोस्टात ते खातं काढलं. अनियमित कमाई असलेल्यांनी हे खातं नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. मुदत १५ वर्षांची. यात दरमहा हप्त्याची सक्ती नाही. वर्षाला किमान ५०० रुपये भरले की खातं चालू राहतं, आणि आजच्या नियमाने वर्षाला दीड लाखापर्यंत कितीही भरता येतात, सवडीने, थोडे थोडे किंवा एकदम. एखाद्या वर्षी ५०० सुद्धा भरले नाहीत तर खातं बंद पडतं, पण त्या वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड भरून ते सुरू करता येतं. त्या महिन्याचं व्याज हवं असेल तर ५ तारखेच्या आत पैसे भरायचे. व्याजाचा दर सरकार जाहीर करतं. मी खातं काढलं तेव्हा तो ८ टक्के होता, १ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के झाला. फार नाही. पण माझी झोप उडाली नाही. सुगीच्या दोन महिन्यांत भरायचं आणि बाकी वर्ष विसरून जायचं.

सातव्या आर्थिक वर्षापासून यातून ठरावीक रक्कम काढता येते. २०१३ साली मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा मी २५,००० काढले. सावकाराकडे गेले नाही. मुलीने पहिल्या पगारात मला कानातली नवी फुलं आणली. जुनीही माझ्याकडेच आहेत.

धंद्याच्या वाट्याचं सांगायचं राहिलं. २००४-०५ च्या सुमारास फ्लेक्स आला. रात्रीत बॅनर छापून मिळायला लागले. हाताने लिहिणाऱ्याला कोण विचारतो? कामं निम्म्यावर आली. मिस्टर महिनाभर गप्प होते. काहींनी सल्ला दिला, कर्ज काढून फ्लेक्सची मशीन घ्या. तिची किंमत लाखांत होती. ज्याची मिळकत सारखी नाही त्याने मोठा सारखा हप्ता गळ्यात बांधून घ्यायचा, म्हणजे माझ्या आरडीचीच गोष्ट, फक्त उलटी आणि भयंकर. आम्ही ते केलं नाही. पण धंद्याचा वाटा म्हणून वेगळे ठेवलेले २३,००० रुपये होते. त्यातून कॉम्प्रेसर, स्प्रे गन, ॲल्युमिनियमची शिडी आणि जुनी स्कूटर घेतली. मिस्टर शाळांच्या आणि अंगणवाड्यांच्या बोलक्या भिंती रंगवायला लागले. बाराखडी, नकाशे, फळं, पक्षी. फ्लेक्सला जे जमत नाही ते हाताला जमतं. स्कूटर होती म्हणून ते सिन्नर-निफाडपर्यंत कामं धरू शकले. तो वाटा खाऊन टाकला असता तर हात असूनही ते रिकामे बसले असते.

२०१६ च्या नोटाबंदीत माझ्या डाळीच्या डब्यात लपवलेले ४,५०० रुपये उघडे पडले. मिस्टर बघत राहिले आणि म्हणाले, "हा कुठला वाटा?" मी म्हणाले, "हा माझा." पण तेही तेव्हापासून खात्यातच जातात. डब्यातल्या पैशाला व्याज नाही आणि चोरापासून संरक्षणही नाही.

मग आलं २०२०. २५ मार्चला देश बंद झाला. एप्रिल म्हणजे आमची मोठी सुगी. अर्धे लिहून झालेले चौदा फलक घरात भिंतीला टेकून उभे होते. न्यायला कुणी आलं नाही. शाळा बंद, लग्नं बंद. मुलगी रुग्णालयात ड्युटीवर, घरी येत नव्हती. एप्रिल गेला, मे गेला. दुकानांसमोर उभं राहण्यासाठी गोल आखायचं थोडं काम मिस्टरांना मिळालं, एवढंच. गल्लीत लोक दागिने विकत होते, व्याजाने पैसे काढत होते. आमच्या आषाढाच्या खात्यात तेव्हा ६०,००० रुपये होते. घर १५,००० त चालत होतं. म्हणजे चार महिने. आम्ही ते काटकसरीने पाच महिने पुरवले. ऑगस्टच्या शेवटी खात्यात ८०० रुपये उरले होते आणि सप्टेंबरात पहिलं काम आलं.

पीपीएफची १५ वर्षं नेमकी ३१ मार्च २०२० ला पुरी झाली होती. सगळे पैसे काढता आले असते. नाही काढले. पाच वर्षांसाठी मुदत वाढवून घेतली. हे मोठेपणाने सांगत नाही. बाईंची कणगी नसती तर मलाही काढावेच लागले असते.

तर त्या रात्री मी मुलाला हे सगळं सांगितलं. त्याने त्यातलं अर्धं पाहिलं होतं, पण हिशेबाने कधी ऐकलं नव्हतं. मग आम्ही तिघं बसलो. त्याच्या मोबाइलवरून वर्षभरात आलेले पैसे मी वहीत उतरवले. पेट्रोल आणि सामान जाऊन २,६४,०००. बाराने भागून २२,०००. घरात देणं आणि त्याचा खर्च मिळून १७,०००. म्हणजे महिन्याला सरासरी ५,००० उरतात. मेमध्ये ४१,००० आले होते आणि ऑगस्टमध्ये ९,०००.

मिस्टर म्हणाले, "बाळा, हप्ता ऑगस्ट बघून ठरवायचा असतो, मे बघून नाही."

त्याने ३,००० ची एसआयपी बंद केली आणि ५०० ची ठेवली. उन्हाळ्यात जास्त आले तर त्याच फंडात वरून एकरकमी टाकायचे, त्याला कुणाची ना नाही. शेअर बाजारातला पैसा वर-खाली होतो, म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाही तेवढाच तिथे जाईल, असंही ठरलं. त्याआधी चार महिन्यांचा खर्च, म्हणजे ६८,००० रुपये, साध्या बँक खात्यात वेगळे उभे करायचे. ते उभे व्हायला त्याला दोन उन्हाळे लागतील. लागू देत. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयाचा, प्राप्तिकर न भरणारा माणूस नाव घालू शकतो आणि साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळतं. त्यात वर्गणी दरमहाच भरायची असं नाही, सहा महिन्यांनीही भरता येते. त्याने सहामाही निवडली. अपघात विम्याचे वर्षाला २० रुपये मिस्टरांच्या आणि त्याच्या दोघांच्याही खात्यातून कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. दोघंही शिडीवर चढणारी माणसं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे आहेत की नाहीत, हे मी स्वतः बघते.

भगिनींनो, मी पाचवीत शाळा सोडलेली बाई आहे. मोठ्या गुंतवणुकीचं मला कळत नाही. पण इतकं कळलं की ठरलेला पगार नसेल तर तो आपण आपल्याला ठरवून द्यावा. वर्षभर लिहावं, बाराने भागावं आणि वाईट महिना बघून हात आखडावा. पहिल्यांदा आषाढ, मग धंदा, मग लांबचं. आणि ही वही घरातल्या सगळ्यांसमोर उघडी असावी. नवऱ्याने कमावलेलं बायकोला ठाऊक नाही आणि बायकोने लपवलेलं नवऱ्याला ठाऊक नाही, अशा घरात कणगीला भोक पडतं.

बाई आता नाहीत. यंदा पाऊस लागण्याआधी मुलाने बाजारातून पत्र्याचा एक नवा डबा आणला. मिस्टरांची नजर आता कमी झाली आहे, हातही थोडा थरथरतो. तरी त्यांनी चष्मा पुसला, जुना बारीक ब्रश शोधून काढला आणि डबा मांडीवर घेऊन बसले. मुलगा म्हणाला, "पप्पा, एसीवाल्याची सुगी उन्हाळ्यात आणि उपास पावसाळ्यात. तुमच्यासारखंच आहे की." मिस्टर काही बोलले नाहीत. आषाढातला "आ" काढत होते.